अंग खाली येणं : आधी क्रंचेस थांबवा

बाळंतपणानंतर अंग खाली आल्यासारखं, म्हणजे गर्भाशय वगैरे योनीकडे सरकल्यासारखं वाटतंय आणि पोट कमी करायला क्रंचेस सुरू केलेत, असं तुम्ही लिहिलंय. ते आधी थांबवा. श्वास रोखून जोर लावला की सगळा दाब खालीच जातो.

यावर कीगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम करतात. पण तो करताना बऱ्याच जणी आत ओढण्याऐवजी खाली ढकलतात. मीही तेच करत होते, फिजिओथेरपिस्टने तपासल्यावर कळलं! वायू अडवताना स्नायू वर खेचले जातात, तसं करायचं. श्वास चालू, मांड्या सैल, आणि प्रत्येक वेळी नंतर पूर्ण सैल सोडायचं. निदान १६ आठवडे नेटाने करा, त्याआधी ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. शिंकण्याआधी किंवा बाळाला उचलण्याआधी तेच स्नायू आवळून घ्यायचे.

बद्धकोष्ठता असेल तर तिच्याकडे आधी बघा, कुंथण्याने केलेलं सगळं वाया जातं. कमोडवर पायांखाली छोटं स्टूल घ्या. संध्याकाळी जडपणा वाढला की थोडं आडवं व्हा.

व्यायामाने भागलं नाही तर पेसरी, म्हणजे खाली आलेल्या भागाला आधार देणारी रिंग योनीत बसवता येते, लगेच ऑपरेशनच असं नाही. लघवी अडली किंवा खाली आलेल्या भागातून रक्त गेलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांकडे जा.