टोळीचा वसुलीवाला रोबॉट: आयजी मालिकेतला ड्रॉइड भीतीदायक कसा करायचा?

शनिवारचा_फासा
मंडळी, मदत हवीये. आम्ही चौघं मित्र दर शनिवारी रात्री स्टार वॉर्सच्या दुनियेतला फाशांचा रोल-प्लेइंग गेम खेळतो, गोष्ट मी चालवतो. सध्या आमची गेममधली पोरं हट जमातीच्या एका गुंड टोळीच्या कर्जात बुडालीयेत आणि वसुलीला मला रोबॉट, म्हणजे तिथल्या भाषेत ड्रॉइड, पाठवायचाय, पिक्चरमधल्या आयजी-८८ च्या जातकुळीतला, उंच, काटकुळा, डोक्यावर लाल डोळे. मागच्या शनिवारी आणला पण सगळा विचका झाला. आला, गोळ्या झाडल्या, पोरांनी फासे टाकले, दहा मिनिटांत त्याचं भंगार. कोणाला काही वाटलंच नाही आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण लहानपणी मी व्हिडिओ कॅसेटवर त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो नुसता उभा होता तरी माझ्या पोटात गोळा आला होता. ती भीती टेबलावर कशी आणायची? टोळीवाले माणूस सोडून रोबॉट का ठेवतात ह्याचंही पटणारं कारण हवंय.

तांबडी_धूळ
उत्तर तू स्वतःच लिहिलंयस की, "नुसता उभा होता". १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधला तो सीन परत बघ, खलनायक व्हेडरने बाउंटी हंटर, म्हणजे सुपारी घेऊन माणसं पकडणाऱ्या लोकांना जहाजावर बोलावलंय, बॉस्क, डेंगार, बोबा फेट सगळे रांगेत, आणि त्यात हा. एक शब्द बोलत नाही. शूटिंगसाठी केलेला तो सांगाडाच होता, आत माणूस नाही, त्यामुळे चालणं-बिलणं शक्यच नव्हतं, पण त्या न हलण्यानेच तो बाकीच्यांपेक्षा भारी वाटतो. बॉस्ककडे बघून कळतं की ह्याला राग येत असेल, भूक लागत असेल. ह्याच्याकडे बघून काहीच कळत नाही.

आणि एक गोष्ट मला फार आवडते, त्याचं डोकं म्हणजे रोल्स-रॉइसच्या डरवेंट नावाच्या जुन्या जेट इंजिनातला इंधन जळतं तो डबा आहे. तसलेच डबे १९७७ च्या पहिल्या पिक्चरमध्ये मॉस आयस्ली गावातल्या बारमध्ये दारूच्या नळकांड्यांसारखे मागे लावलेले दिसतात. भंगारातनं उचललेली वस्तू आणि आपण चाळीस वर्षं घाबरतोय!

तर गोळ्या झाडायच्या नाहीत. त्याला दारात उभा कर. सकाळी उभा, रात्री उभा, पोरं बाजारात गेली तर तिथे समोरच्या फुटपाथवर उभा.

स्क्रू_ड्रायव्हर
वरचं सगळं मान्य, पण एक दुरुस्ती. आयजी-८८ टोळीचा पंटर नाही, तो स्वतंत्र धंदा करतो, सुपारी घेतो आणि निघतो. टोळीच्या घरातला नोकर-रोबॉट बघायचा असेल तर १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मधलं जब्बा ह्या हट डॉनचं तळघर बघ. ईव्ही-९डी९ नावाची रोबॉट मुकादम, नायक ल्यूकने भेट म्हणून पाठवलेल्या सी-थ्रीपीओ आणि आर-टू-डी-टू ह्या रोबॉटांना कामं वाटून देते, तुला किती भाषा येतात वगैरे विचारते, आधीच्या दुभाष्याचं मालकाने काय केलं ते ऐकवते. अगदी ऑफिसात नवीन माणसाला टेबल दाखवावं तसं. आणि मागे एका रोबॉटचे हातपाय ताणून तोडताहेत आणि एका चौकोनी छोट्या पॉवर ड्रॉइडला उलटा करून त्याच्या तळपायाला तापलेलं लोखंड लावताहेत आणि तो किंचाळतो. यंत्राला चटका लागतो हे तिथे कळतं आणि मला अजून ते पाच सेकंद नीट बघवत नाहीत.

म्हणजे टोळीचा रोबॉट क्रूर असायला लागत नाही, त्याला ते नेहमीचं काम वाटलं पाहिजे. वसुलीला आल्यावर ओरडू देऊ नकोस, हिशोब वाचून दाखवू दे, व्याजासकट.

शनिवारचा_फासा
हिशोब वाचून दाखवायचं एकदम पटलं. पण रोबॉटच का, हे अजून अडलंय.

नेवारोचा_पाव्हणा
कारण तो माफीचा साक्षीदार होत नाही. माणूस फुटतो, पोलिसांत जातो, पैसे खातो, बायकोपोरांसाठी मागे हटतो. २०१९ च्या 'द मॅन्डलोरियन' ह्या टीव्ही मालिकेतला आयजी-११ आठव, आयजी-८८ च्याच जातीचा, पहिल्याच भागात शत्रूने घेरल्यावर तो दर दोन मिनिटांनी स्वतःला उडवून द्यायला निघतो कारण बनवणाऱ्याचा नियमच तसा, जिवंत हाती लागायचं नाही. मालिकेचा नायक मॅन्डोला त्याला पुन्हा पुन्हा थांबवावं लागतं. टोळीवाल्याला अजून काय पाहिजे? सापडला तर पुरावाच शिल्लक नाही.

पण भाऊ, त्याची पुढची गोष्ट सोडू नकोस. मॅन्डोच त्याच्या डोक्यात गोळी घालतो, मग कुईल नावाचा शेतकरी त्याचं धूड घरी नेतो, नव्याने सगळं शिकवतो. चालायला, वस्तू न फोडता धरायला. ज्या हातात बंदूक होती त्या हाताने तो पाहुण्यांना चहा विचारतो. आणि आठव्या भागात, मॅन्डो मरायला टेकलाय पण जिवंत माणसासमोर हेल्मेट काढायचं नाही हा त्याचा धर्म, तेव्हा आयजी-११ म्हणतो की मी जिवंत नाही, आणि हेल्मेट काढून औषध लावतो. लहानपणी ज्याचे आईबाप ड्रॉइडांनी मारले त्या माणसाला! शेवटी तोच स्वतःला उडवून घेण्याचा नियम तो मॅन्डो सांभाळत असलेल्या छोट्या पोराला वाचवायला वापरतो, लाव्हाच्या नदीतून चालत जाऊन. मी तेव्हा रडलो होतो.

म्हणून तुझ्या पोरांना त्याला फोडायचा रस्ता ठेव, पण त्याला परत शिकवायचाही ठेव, आणि तो रस्ता लांबचा नि महाग असू दे.

शनिवारचा_फासा
ठरलं मग. ह्या शनिवारी तो येईल, दारात उभा राहील, बंदूक पाठीवरच. तीन वेळा हिशोब वाचेल, दर वेळी आकडा वाढलेला. आमच्यातला एक गेममध्ये मेकॅनिक आहे, त्याच्या वर्कशॉपमध्ये एक रिकामं बाकडं आत्ताच लिहून ठेवलंय.

तांबडी_धूळ
एक राहिलं. पोरं दारातून बाहेर पडताना त्याचे पाय हलवू नकोस, फक्त डोकं फिरू दे.