मेलेलं माणूस कुठं गेलं हे मातीच्या वेळी सांगायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

रंकाळावेस:
जय ख्रिस्त सगळ्यांना. मुद्दा आधीच लिहितो म्हणजे गैरसमज नको. माझं म्हणणं असं की ख्रिस्ती माणसानं, पाळक असो नाहीतर साधा विश्वासी, गेलेल्या कुठल्याही माणसाबद्दल "तारण न होता गेला", म्हणजे देवाकडं जागा न मिळता गेला, असं जाहीर करायचं बंद करावं. घरची माणसं अजून रडत असताना तर नाहीच नाही.

कारण सांगतो. माझ्या आईकडचे सगळे हिंदू. आई लग्नानंतर ख्रिस्ती झाली पण माहेर तुटलं नाही, आज्जी नाताळला आमच्याकडं यायची आणि आम्ही नवरात्रात तिच्याकडं जेवायला. मागच्या पावसाळ्यात आज्जी गेली. माती पंचगंगेवर झाली, रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे होतो. नंतर आईसाठी घरी प्रार्थनासभा ठेवली तर बाहेरून आलेले एक वक्ते सगळ्यांसमोर आईला म्हणाले, ताई तुमच्या आईला आता संधी उरलेली नाही, निदान भावांना तरी वाचवा. त्या दिवसापासून आई चर्चला येते, गाणी म्हणते, पण प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, आलं की मान खाली घालून बसून राहते, घेत नाही. विचारलं तर म्हणते, जिथं माझ्या आईला जागा नाही त्या मेजावर मी कशी बसू.

आता मला सांगा, येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या बहिणींकडं, मार्था आणि मरीयेकडं, गेला, त्यानं आधी काय केलं? मार्थेशी बोलला, पुनरुत्थान आणि जीवन मीच आहे म्हणाला, आणि मरीयेला रडताना बघून स्वतः रडला. थोड्या वेळानं आपण लाजरला उठवणार हे माहीत असून रडला. शोक करणाऱ्या घरात जाऊन हिशोब मांडणारा येशू मला शुभवर्तमानात कुठंच सापडत नाही.

आणि शास्त्राचंच म्हणाल तर विश्वासांगीकारात, म्हणजे आपल्या विश्वासाच्या कबुलीत, आपण सगळे म्हणतो की तो अधोलोकात उतरला. कशासाठी उतरला? पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात तो बंदीतल्या आत्म्यांकडं गेला असं आहे, चौथ्या अध्यायात मेलेल्यांनाही सुवार्ता सांगितली असं आहे. म्हणजे मरणाच्या पलीकडं ख्रिस्ताचा आवाज पोचतच नाही असं छातीठोक कोण म्हणू शकतं? सगळे जातातच स्वर्गात असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की आपल्याला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे तो प्रेम आहे, एवढं बोलून गप्प बसावं.

गडहिंग्लजकर:
भाऊ, तुझ्या आईला जे बोलले ते चुकलं, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यावरून तू जी शिकवण मांडतोयस ती मला मान्य नाही आणि ती गोड वाटते म्हणून जास्त काळजी वाटते.

बायबलमधलं इब्री 9:27 वाच. माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय. लूक 16 मधला श्रीमंत माणूस आणि लाजर (हा दुसरा लाजर) वाच, मध्ये मोठी दरी आहे, इकडचा तिकडं जाऊ शकत नाही, आणि हे सांगणारा खुद्द येशू आहे, कुणी रागीट प्रचारक नाही. नरकाबद्दल शुभवर्तमानात सगळ्यात जास्त कोण बोललं असेल तर तो स्वतः. तू पेत्राची जी वचनं दिलीस त्यांचा अर्थ काय यावर पहिल्यापासून वाद आहेत, ते आत्मे म्हणजे कोण, ते मेलेले म्हणजे जिवंतपणी ऐकून मग मेलेले का, हे ठरत नाही. अशा अवघड वचनावर एवढी मोठी इमारत बांधू नये.

आणि मला एक सांग. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं त्यांना विहिरीवरून हाकललं. सख्ख्या आईनं दार लावलं, ती मरेपर्यंत उघडलं नाही. रोजगार गेला, दोन लेकरं त्या वर्षात गेली. हे सगळं त्यांनी सोसलं ते कशासाठी? ख्रिस्त नसला तरी चालतंय, शेवटी सगळ्यांचं बरंच होतंय, असं असेल तर मग आजोबांनी आपल्या आईला आयुष्यभर रडवलं ते उगाच? अमेरिकन मिशनरी वाइल्डर साहेब 1852 ला कोल्हापुरात आले, आजारपणं सोसून इथं राबले. त्यांचा मुलगा रॉबर्ट आपल्या कोल्हापुरात जन्मला आणि पुढं अमेरिकेत 1886 च्या विद्यार्थी शिबिरातून शंभर तरुण मिशनसाठी उभे राहिले त्यामागं हा माणूस होता. ही माणसं घरदार सोडून निघाली कारण त्यांना खरंच वाटायचं की ख्रिस्ताविना माणूस हरवलेला आहे. ती कळकळ काढून टाकली की सुवार्तेत उरतं काय?

पंचगंगा_घाट:
मी हिंदू आहे, घरात माळकरी वातावरण, मिशनच्या शाळेत शिकलो म्हणून बायबल थोडंफार माहीत. बोलू का नको असा विचार करत होतो पण राहवत नाही.

आपल्या कोल्हापुरात होळीला लोक शेणी (गोवऱ्या) जाळायच्या ऐवजी पंचगंगा स्मशानभूमीला दान देतात, तालमी देतात, शाळेची पोरं गोळा करून देतात. त्यामुळं इथं कुणाची पण चिता पैशावाचून अडत नाही. देणाऱ्याला माहीत नसतं की आपली शेणी कुणाच्या मातीला जाणार, कुठल्या जातीचा, कुठल्या गल्लीचा, बेवारस का सावकार. आता मत्तयाच्या 25 व्या अध्यायात तुमचाच प्रभू न्यायाला बसतो तेव्हा मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो, तिथं तो विचारतो भुकेल्याला दिलंस का, उघड्याला पांघरलंस का, आजाऱ्याकडं गेलास का. आणि उजवीकडची माणसं म्हणतात प्रभू आम्ही तुला कधी बघितलं? म्हणजे त्यांना तो माहीतच नव्हता! मग ज्यानं अनोळखी मेलेल्यासाठी शेणी दिली त्याला तो कुठल्या बाजूला उभा करील, हे गडहिंग्लजकर साहेबांनी सांगावं. मी भांडायला विचारत नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय कारण माझे वडील असेच होते.

वसईची_सून:
मी कॅथलिक, सासर वसई, माहेर इथलंच. आमच्यात हा प्रश्न एवढा टोकाला जात नाही कारण आम्ही मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. 2 नोव्हेंबरला कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, त्यांच्या नावानं मिस्सा ठेवतो. शुद्धिस्थान मानतो म्हणजे मरणानंतर देवाचं काम थांबत नाही असं मानतो. प्रॉटेस्टंट मैत्रिणी म्हणतात हे शास्त्रात नाही, पण आईसाठी प्रार्थना करायला मिळणं यात केवढा आधार आहे हे आई गेलेल्यालाच कळतं.

आणि ख्रिस्ती नसलेल्यांचं म्हणाल तर आमच्या चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 मध्येच लिहून ठेवलंय की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला स्मरून वागतात त्यांनाही तारण मिळू शकतं. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांबद्दल पूर्वी आमच्यात पण लोक लिंबो, म्हणजे स्वर्गाबाहेरची वेगळी जागा, वगैरे सांगायचे, 2007 ला पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं निघालेल्या कागदात म्हटलं की अशा बाळांना देव वाचवील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. किती आयांनी आधीची ती भीती उराशी घेऊन दिवस काढले असतील. ताईंना सांगा आज्जीसाठी खुशाल प्रार्थना करा, देवाला त्रास होत नाही.

गडहिंग्लजकर:
@पंचगंगा_घाट दादा, तुमच्या वडिलांबद्दल मी काही बोलणार नाही, तो अधिकार माझा नाही. पण प्रश्नाचं उत्तर टाळणार नाही. त्या अध्यायात चांगुलपणा मोजला जातोय हे खरं, पण न्यायासनावर कोण बसलंय ते बघा. ख्रिस्तच. म्हणजे तुमच्या वडिलांना जर कुणी आत घेतलं तर तो ख्रिस्तच घेणार, वधस्तंभाच्या किमतीवर घेणार, शेणीच्या हिशोबावर नाही. माझी तर सगळी आयुष्याची कामं तागडीत टाकली तरी मी आत जायच्या लायकीचा ठरत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे.

@वसईची_सून ताई, आशा वेगळी आणि शिकवण वेगळी. शेवटी सगळेच परत देवाकडं येतील हे ओरिजेन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती विचारवंताच्या नावानं चाललेलं मत 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत नाकारलं गेलं. ती परिषद तुमच्या चर्चलाही मान्य आहे.

निरीश्वर_कोल्हापूर:
सगळ्यांचा आदर राखून विचारतो. माणूस सत्तर ऐंशी वर्षं जगतो, त्यात निम्मा वेळ पोटापाण्यात जातो, आणि तेवढ्या काळात जे मानलं किंवा मानलं नाही त्याची शिक्षा अनंत काळ? जो बाप असं करतो त्याला आपण प्रेमळ म्हणू का? मी देव मानत नाही त्याचं मोठं कारण हेच आहे. माझे वडील सीपीआर दवाखान्यात वारले, मी शेवटपर्यंत हात धरून बसलो होतो, पुढं काही आहे असं मला वाटलं नाही आणि तरी त्यांच्यावरचं माझं प्रेम कमी झालं नाही. मरणानंतरच्या जागेचं आमिष किंवा धाक नसताना सुद्धा माणूस माणसाशी चांगला वागतो, 2019 च्या पुरात आपण सगळ्यांनी ते बघितलंय.

संडेस्कूल_टीचर:
@निरीश्वर_कोल्हापूर तुमचा प्रश्न मला माझ्या वर्गातली मुलं विचारतात, थोड्या वेगळ्या शब्दांत. टीचर, माझा मित्र मुसलमान आहे तो जळणार का? मी बरीच वर्षं शिकवते आणि मी बघितलंय की नरकाच्या भीतीनं ज्या मुलांनी हात वर करून येशूला स्वीकारलं ती कॉलेजला गेल्यावर सगळ्यात आधी गळाली. भीती गेली की विश्वास पण गेला. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे की पूर्ण प्रीती भीती घालवून देते.

पण तुमच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. तुमच्या वडिलांवरचं प्रेम ते गेल्यावरही कमी झालं नाही म्हणता, तर त्या प्रेमाला अजून कुणीतरी समोर हवंय असं नाही का वाटत? मला वाटतं ते प्रेम ज्यानं तुमच्यात घातलं तो तुमच्या वडिलांना विसरलेला नाही. तुम्हाला पटवण्यासाठी नाही लिहीत, मी असं मानते म्हणून लिहितेय.

नरक म्हणजे देवानं बाहेरून कडी घालणं असं मी शिकवत नाही. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीत धाकटा सगळं उधळून परत येतो, मग शेवटी घराबाहेर कोण राहतं? थोरला भाऊ. आत मेजवानी चालू आहे, बाप स्वतः अंगणात येऊन विनवतोय आणि हा म्हणतो मी येत नाही कारण धाकट्याला घेतलंय. मुलांना मी विचारते, तो आत गेला का? येशूनं ते सांगितलेलंच नाही, गोष्ट तिथंच सोडली.

रंकाळावेस:
@गडहिंग्लजकर 553 चं बरोबर आहे, पण चौथ्या शतकातला बिशप ग्रेगरी ऑफ निस्सा पण शेवटी देव सगळ्यांना परत आणील असंच लिहायचा आणि त्याला आजही संत मानतात. म्हणजे आशा धरली म्हणून चर्चनं प्रत्येकाला बाहेर काढलेलं नाही. मी आशेपुरतंच बोलतोय, सिद्धांत मांडत नाही. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात आहे की सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. देवाला जे हवंय ते मी पण मागतो, यात चूक काय?

तुमच्या आजोबांचं वाचून गलबलून आलं. पण मला नाही वाटत ते फक्त नरकाला भिऊन विहीर सोडून गेले असतील. भिऊन माणूस एवढं सोसत नाही. त्यांना ख्रिस्तात काहीतरी असं मिळालं होतं की त्यापुढं विहीर, घर, सगळं मागं पडलं. नारायण वामन टिळक बघा, 1895 ला बाप्तिस्मा घेतला, बायको लक्ष्मीबाई पाच वर्षं दुरावल्या, तरी हा माणूस म्हणायचा की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडं आलो. आणि 1917 ला त्यांनी देवाचा दरबार काढला त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे दोन्ही शिष्य एकत्र. त्यांची कळकळ कमी होती असं कुणी म्हणेल का? आपण दर रविवारी त्यांचीच भजनं म्हणतो.

आज्जीबद्दल एवढंच. आईच्या बाप्तिस्म्याला तिच्या माहेरचं एकच माणूस आलं होतं, आज्जी. मागच्या बाकावर बसली होती पदर घेऊन.

गडहिंग्लजकर:
टिळक मला पण प्रिय आहेत. पण ते लोकांना ख्रिस्ताकडं या म्हणून शेवटपर्यंत हाक मारत होते, हे विसरू नको. म्हणून सरळ विचारतो, उत्तर दे. तू एवढी आशा धरतोस, तर तुझे मामा आज जिवंत आहेत, त्यांना तू ख्रिस्ताबद्दल सांगतोस का? का आशा आहे म्हणून गप्प बसतोस? माझी भीती ही आहे की तुझ्यासारखी चांगली पोरं मेलेल्यांबद्दल गप्प बसता बसता जिवंतांबद्दल पण गप्प बसतील.

आणि तुझ्या आईला माझ्याकडून सांग, प्रभुभोजनाचं मेज त्या वक्त्याचं नाही. आज्जीचा न्याय करायला तो बसलेला नाही, मी पण बसलेलो नाही. त्यांनी यावं. माझ्या आजोबांच्या आईसाठी मी उघड प्रार्थना करत नाही, आमच्यात ती रीत नाही. पण आज्जीचं वाचल्यावर ती पणजी दिवसभर डोक्यातून गेली नाही.

रंकाळावेस:
सांगतो. थोरल्या मामाला तर सांगतोच, तो पण तुकोबा घेऊन बसतो आणि आमचं रात्री बारापर्यंत चालतं. त्याला मी कधी नरकाचं बोललो नाही, बोलणार पण नाही. ख्रिस्त माझ्यासाठी कोण आहे ते सांगतो, माझी दारू कशी सुटली ते त्यानं डोळ्यांनी बघितलंय.

तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही, पण परत एकदा वाच म्हणाली.

मी आमच्या मंडळीच्या कमिटीला अर्ज देतोय की शोकसभेत बाहेरच्या वक्त्याला बोलायला देण्याआधी पाळकांनी घरच्यांना विचारावं, आणि गेलेल्या माणसाच्या तारणाबद्दल कुणीच निर्णय देऊ नये, ना बाजूनं ना विरुद्ध. मसुदा उद्या इथं टाकतो. गडहिंग्लजकर, तुम्ही वाचा आणि जिथं मी शिकवणीला सोडून लिहिलंय असं वाटेल तिथं खूण करा, कारण कमिटीत तुमच्यासारखाच विचार करणारे जास्त आहेत आणि मला तो मंजूर करून घ्यायचाय.