घाटासाठी पुढचं चेन सॉकेट (चेन फिरते ते दातेरी चाक) 13 दातांचं टाकू का?

वाईकर_दूधवाला: स्प्लेंडर आहे. रोज पहाटे 40 लिटरचे दोन कॅन घेऊन पसरणी घाटानं पाचगणीला जातो. वळणावर तिसऱ्या गिअरात गाडी मरते, दुसऱ्यात नुसती ओरडते. दात मोजले : पुढं 14, मागं 43. बजेट 800.

घाटवाट: डोळे झाकून 13 टाका. दात कमी की ओढ जास्त. मी टाकलंय, तिसऱ्यात चढते.

बुलेटभाऊ: एवढ्या ओझ्याला 100 सीसी नाही पुरणार. जुनी 350 बघा. माझी दोन माणसं घेऊन आंबेनळी चढते.

घाटवाट: भाऊ, 800 रुपयांत बुलेटचा आरसा येईल.

सॉकेट_46: पुढं लहान केलं की चेन जास्त वाकते, लवकर झिजते. मागं 46 टाका, ओढीत फरक जवळपास तेवढाच. चेन मात्र लांब लागेल.

मिरजकर: 13 टाकलं की मीटर चुकीचं दाखवतं, माझ्या गाडीत झालंय.

सॉकेट_46: तुमचा सेन्सर गिअरबॉक्सला असेल. स्प्लेंडरची केबल पुढच्या चाकातून येते, मीटरला काही होत नाही.

गॅरेज_कराड: आधी दोन गोष्टी बघा. चढाला तिसऱ्यात रेस द्या. इंजिन ओरडलं आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेटा गेल्यात, सॉकेट बदलून उपयोग नाही. मग मागच्या सॉकेटवरची चेन बोटानं मागं ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन संपली. अशा चेनला नवं सॉकेट घातलं तर तेही खाईल. आणि 14 चं 13 केलं की टॉप गिअरला त्याच रेसवर 60 च्या जागी जेमतेम 56 मिळतील.

घाटवाट: 13 च टाका हो.

बुलेटभाऊ: क्लचचं मीही सांगणारच होतो.

वाईकर_दूधवाला: आज बघितलं. क्लच ठीक आहे. चेन ओढली तर अर्ध्याहून जास्त दात दिसला, मागचे दात करवतीसारखे एका बाजूला कललेत. अख्खा सेटच बदलावा लागणार, 800 च्या वर जाईल. पण माप 14-43 च ठेवतोय. दूध टाकून आलो की बायकोला साताऱ्याला कामावर सोडतो, 35 किलोमीटर हायवे. तिथं रोज गाडी जास्त रेसवर ताणायची नाही. घाट बारा-तेरा किलोमीटरचा, दुसऱ्यात चढवीन.

घाटवाट: पुढचं सॉकेट काय, दोन नटांचं काम आहे. विचार करा अजून.

वाईकर_दूधवाला: सेट आणलाय दादा. उद्या दूध टाकून आलो की बसवतो.