मदत हवी आहे : आईचा दमा, प्रत्येकाचं वेगळं औषध

आई ५८ वर्षांची, पिंपळगाव बसवंतला राहते. मी नाशकात, इंदिरानगरला. द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी सुरू झाली की तिची छाती वाजायला लागते, त्यात निफाडकडची थंडी.

गावातले फॅमिली डॉक्टर धाप लागली की डेरिफायलिनचं इंजेक्शन देतात, वाफ देतात, घरी निळा पंप. तासाभरात आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापते, त्यामुळे तिचा विश्वास त्यांच्यावरच.

गंगापूर रोडच्या छातीच्या डॉक्टरांनी स्पायरोमेट्री केली. जोरात फुंकायला लावलं, सालब्युटामॉल (निळ्या पंपातलं औषध) देऊन १५ मिनिटांनी पुन्हा. फुंकलेल्या हवेचा आकडा १२ टक्के आणि २०० मिलीच्या वर वाढला, म्हणजे दमाच म्हणाले. नुसत्या निळ्या पंपावर राहायचं नाही. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप (स्टिरॉइड आणि नळी सैल करणारं औषध एकत्र) रोज दोन वेळा, धाप लागली तरी तोच.

पंचवटीतल्या वैद्यांनी 'तमक श्वास' (आयुर्वेदातलं दम्याचं नाव) सांगून दही, केळं बंद केलं, सितोपलादी चूर्ण मधातून दिलं. पंप सोडा म्हणाले नाहीत, हे बरं केलं. (कोजागरीच्या खिरीतलं औषध सुचवणाऱ्या काकू वेगळ्याच!)

आई म्हणते, त्रास नसताना रोज स्टिरॉइड कशाला, सवय लागेल. तिला कसं समजवू? आणि फॅमिली डॉक्टरांना न दुखावता हे सांगायचं कसं?

प्रतिसाद १
ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. निळा पंप आवळलेली नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. सूज उतरवायला रोजचा पंप. सवय लागत नाही. एका झुरक्यात २०० मायक्रोग्रॅम स्टिरॉइड. अटॅकमध्ये देतात त्या स्टिरॉइडच्या गोळ्या ४० मिलिग्रॅमच्या, म्हणजे २०० पट. हा हिशोब आईंना सांगा. आणि पंप घेताना एकदा समोर उभ्या राहून बघा. पंप हलवून, श्वास सोडून, मग दाबत हळू ओढायचा, १० सेकंद धरायचा. रोटाहेलर (कॅप्सूलमधली पावडर ओढायचा पंप) असेल तर उलट, जोरात ओढायचा. निम्मे पेशंट इथेच गडबडतात. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) घ्या, नंतर चूळ भरायला लावा. मी श्वासाचे व्यायाम शिकवते, पण ते पंपाच्या जोडीला.

प्रतिसाद २
डॉक्टरांना स्पायरोमेट्रीचा कागदच दाखवा. आमच्या डॉक्टरांनी स्वतःच फाइलला लावून घेतला. अटॅक आला तर पहिले तेच धावून येणार, त्यांना बाजूला ठेवू नका.

धागाकर्ती
आत्ताच आईला व्हिडिओ कॉल करून पंप घ्यायला लावला. झुरका ओढायच्या आधीच दाबते! स्पेसर रविवारी घेऊन जाते. धुरळणीच्या दिवसांत तिला इकडे आणावं का, की मास्क पुरेल?