शब्दचर्चा : सातारा खालसा झाला, तो खालसा आणि शिखांचा खालसा

प्रश्न : ‘१८४८ साली सातारा खालसा झाला’ हे शाळेपासून पाठ आहे. नांदेडला ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’ ऐकलं आणि डोक्यात किडा वळवळला. हे दोन्ही खालसा एकच का? आणि शब्द अरबी असेल, तर मोगलांशी उभा दावा मांडलेल्या पंथाने तोच का उचलला?

उत्तर : एकच. मूळ अरबी ‘खालिस’, म्हणजे निर्भेळ. आपले निखालस, खुलासा, खलास हे त्याच घरातले. मोगली महसुलात ज्या जमिनीचा वसूल मधल्या जहागीरदाराकडे न जाता थेट बादशाही खजिन्यात जाई, ती ‘खालसा’. आपल्याकडे जप्तीचा अर्थ इथूनच आला: जहागीर गेली, मुलूख सरकारजमा झाला.

शिखांकडेही हा महसुली अर्थ सुटलेला नाही, आणि मला तरी तोच जास्त पटतो. गुरूंच्या वतीने दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, गोळा करणारे ‘मसंद’ पुढे शेफारले. गुरू गोविंदसिंगांनी ती मधली फळीच मोडली. मग खालसा कोण? ज्यांचा गुरूशी थेट व्यवहार, ते. खालसा पंथ स्थापला १६९९च्या बैसाखीला; पण त्याआधीच्या हुकूमनाम्यांतही, म्हणजे गुरूंच्या आज्ञापत्रांतही, काही संगतींना (शीख समुदायांना) ‘गुरूचा खालसा’ म्हटलंय. शुद्ध या अर्थाची छटाही आहेच. शिखांच्या ग्रंथसाहिबात कबीर म्हणतात, ‘कहु कबीर जन भए खालसे, प्रेम भगति जिह जानी.’

शंका : हे ठीक. पण जहांगीरच्या हुकमाने १६०६ला गुरू अर्जनदेव गेले, औरंगजेबाने १६७५ला दिल्लीत तेगबहादुरांचा शिरच्छेद करवला. तरी भाषा त्यांचीच?

उत्तर : भाषा बादशहाच्या मालकीची कुठे होती? ग्रंथसाहिबातली पदं रागांप्रमाणे लावलेली आहेत; त्यातला एकटा तिलंग राग उघडून पाहा. सुरुवातीलाच नानकांचं फारसीमिश्रित पद: ‘यक अरज गुफतम पेसि तो’. पुढच्याच पानावर बाबराच्या स्वारीवर आसूड: ‘पाप की जंञ लै काबलहु धाइआ’, पापाची वरात घेऊन काबूलहून आला. आणि त्याच रागात आपले नामदेव: ‘करीमां रहीमां अलाह तू गनीं’. अभंगांतले नामदेव असे ओळखूही येत नाहीत! शेख फरीद तर सूफीच, त्यांचे श्लोक ग्रंथात आहेत. संताप आहे तो जुलमी राजावर. बाबराला झोडपणारी वाणी ‘अल्ला’ म्हणायला कचरत नाही.

औरंगजेबाला खडसावणारं ‘जफरनामा’ हे गोविंदसिंगांचं पत्रही फारसी पद्यात. सगळे उपाय खुंटले की तलवारीला हात घालणं ‘हलाल’ आहे, असं त्यात बजावलंय. ते पोचवायला शीख आले आपल्या अहमदनगरला, कारण बादशहाचा मुक्काम तिथे होता. शीख सेनानी बंदा बहादुरने १७१०मध्ये मोगलांचं सरहिंद घेतलं, त्याच्या मोहोरेवरचा मजकूरसुद्धा फारसीच.

पुरवणी : वापराबद्दल एक. ‘खालसा’ म्हटलं की आपण लगेच दत्तक नामंजूर समजतो. सातारा, नागपूर, झाशीला ते लागू. पण १८४९ला डलहौसीने पंजाब घेतला तो दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धानंतर. दत्तकाचा तिथे संबंध नाही. तेव्हा ‘इंग्रजांनी खालशांचं राज्य खालसा केलं’ हे वाक्य ऐकायला विनोदी, पण मराठी म्हणून चोख.