सायप्रस हिल्समध्ये तंबूत तीन रात्री: साठीच्या माणसांना झेपेल का?

मांडवीची_काकू
नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, सगळं आयुष्य दांडिया बाजारात गेलं. लेक-जावई कॅनडात रिजायनाला असतात. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं जातोय आणि लेकीने आम्हाला न विचारताच सायप्रस हिल्समध्ये, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या जंगलात, तीन रात्री तंबूत राहायचं ठरवून टाकलंय.

रिजायना मी एकदा पाहिलंय. गावाबाहेर पडलं की नजर जाईल तिथवर गहू आणि मोहरीसारखी पिवळीधमक कॅनोला. आपलं पादरा-करजण त्यापुढे डोंगराळ वाटेल! तिथे जंगल कुठून आलं? माझा अनुभव म्हणाल तर जांबुघोड्याच्या बाजूला केवडीला एक रात्र, तीही खाट टाकलेल्या तंबूत. यांचे गुडघे दुखतात आणि रात्री दोनदा उठावं लागतं. थंडी किती असते? जनावरं? खायला काय न्यावं? लेकीला विचारलं की "आई, होईल गं सगळं" एवढंच.

वाडीकर_रिजायना
काकू, मीही बडोद्याचाच, वाडीतला. इथे अकरा वर्षं झाली, सायप्रस हिल्सला चारदा गेलोय. ऑगस्टमधली जागा मिळाली म्हणजे लेकीने बुकिंग उघडल्या उघडल्या नंबर लावला असणार, तिला रागावू नका.

हायवेने पश्चिमेला मेपल क्रीकपर्यंत चारेक तास नाकासमोर जायचं, मग दक्षिणेला वळायचं. हालोलच्या रस्त्यावर पावागड कसा लांबूनच उभा दिसतो, तसं इथे होत नाही. माळ चढत जातो पण कळत नाही, गाडी कुरकुरायला लागली की लक्षात येतं. आणि मग एकदम झाडं. सगळ्यात उंच माथा शेजारच्या अल्बर्टा प्रांताच्या बाजूला आहे, समुद्रसपाटीपासून १,४०० मीटरच्या वर, म्हणजे खालच्या माळापेक्षा साधारण ६०० मीटर उंच. त्या उंचीमुळे गारवा आणि पाऊस जास्त, म्हणून झाडं तगली. तीही मुख्यतः उत्तरेच्या उतारांवर, लॉजपोल पाइन आणि स्प्रूस. त्याच टेकडीच्या दक्षिणेला, उन्हाच्या बाजूला जा, नुसतं गवत. नावावर मात्र जाऊ नका. सायप्रस म्हणजे आपलं सरू, आणि सरू तिथे औषधालाही नाही. जुने फ्रेंच बोलणारे लोक इकडच्या पाइनलाच सिप्रे म्हणायचे, तिथून हा घोळ.

आता खरी गोष्ट: खुंट्या. त्या डोंगरांवर मातीखाली गोल गुळगुळीत गोटे आहेत, लाखो वर्षांपूर्वी रॉकी पर्वतातून नद्यांनी वाहून आणलेले. पहिल्या वर्षी मी तंबूबरोबर मिळालेल्या तारेसारख्या खुंट्या घेऊन गेलो. चारातल्या तीन वाकल्या. चौथी सरळ आत गेली, बहुतेक कुणाच्या तरी बिळात. रात्री वारा सुटला, वरचं कापड फडफडायला लागलं, आणि मी बनियनवर, टॉर्च दातांत धरून, दोरीला बांधायला गोटे गोळा करतोय. बायको आतून विचारतेय, "काय हरवलं?" जावयांना जाड लोखंडी खुंट्या आणि हातोडी घ्यायला सांगा.

ऑगस्टमध्ये दुपारी सुती सदरा पुरतो, पण पहाटे पारा पाच-सात अंशांवरही येतो. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त चढते. काकांसाठी घडीची खाट घ्या, गुडघ्यांनाही बरं, आणि खाटेवरही जाड चटई हवीच. तंबू खोलगट जागी नको, रात्री गार हवा उतरून तिथेच साचते. शौचालयाजवळची जागा आहे का, हे लेकीला आजच विचारा.

जनावरांत हरणं आणि त्यांचे थोराड भाऊबंद एल्क, मूस. कूगर, म्हणजे बिबट्याएवढी रानमांजरंही आहेत, त्यांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास झालाय. मी कधी पाहिला नाही. तिन्हीसांजेला एकटं भटकायचं नाही, समोर आलाच तर पळायचं नाही. खाण्याचं सगळं गाडीत, तंबूत बिस्किटाचा पुडासुद्धा नको.

खायला दशम्या, लसणाची चटणी, लीला चिवडा. दुसऱ्या वर्षी मी भरताची वांगी घेऊन गेलो होतो, शेकोटीवर भाजायला. फाटकावर पाटी: वणव्याच्या धोक्यामुळे आग पेटवायला बंदी. तीन दिवस वांगी गाडीत फिरली आणि परत आली. निघायच्या आदल्या दिवशी बंदी आहे का ते बघा.

अलकापुरी_७
एवढे पैसे खर्चून जमिनीवर झोपायचं कशाला? तिथे केबिनही मिळतात. साठीत हौस ठीक आहे, पण कंबर आपलीच असते.

वाडीकर_रिजायना
केबिन मिळतात, खरंय. पण काकांना रात्री दोनदा उठायचंच आहे, तर तंबूतूनच उठू द्या. २००४ पासून तो भाग रात्रीच्या अंधारासाठी राखीव आहे, झगमगते दिवे नाहीत. १२-१३ ऑगस्टच्या आसपास असाल तर उल्काही दिसतील. मी आकाशगंगा पहिल्यांदा नीट पाहिली ती तिथेच, आणि तीही लघवीला उठलो म्हणून.

मांडवीची_काकू
वाडीकर, यांना वाचून दाखवलं. तुमच्या वांग्यांवर इतके हसले की ठसका लागला. लेकीला फोन केला, जागा शौचालयापासून तिसरी आहे. खाट, खुंट्या, हातोडी जावई घेणार. हे लगेच छत्री घेऊन मंगळ बाजारात माकडटोपी आणायला गेले. दुकानदार म्हणे, "काका, दिवाळी पछी आवो," म्हणजे दिवाळीनंतर या.