कृष्ण मेनन यांचं सर्वांत चांगलं काम सेंट पँक्रसच्या नगरसेवकपदावर झालं

नदीकाठ (धागाकर्ता)

कृष्ण मेनन म्हटलं की आपल्याकडे ठरावीक गोष्टी निघतात. १९५७ सालचं संयुक्त राष्ट्रांतलं काश्मीरवरचं जवळजवळ आठ तासांचं भाषण, १९६२ चं चीन युद्ध आणि संरक्षणमंत्रिपदाचा राजीनामा. बोलणारा मुंबईकर असेल तर उत्तर मुंबईतली कृपलानींविरुद्धची निवडणूक. पण हा माणूस १९३४ ते १९४७ या काळात लंडनमधल्या सेंट पँक्रस बरोचा नगरसेवक होता, हे कुणी काढत नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या सार्वजनिक आयुष्यातलं सर्वांत स्वच्छ आणि टिकाऊ काम तेच.

ज्यांना बरो म्हणजे काय हे माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १८९९ च्या कायद्याने लंडनच्या मध्यभागात २८ बरो, म्हणजे छोट्या स्थानिक पालिका, तयार झाले. शाळा, मुख्य मलवाहिन्या, अग्निशमन ही मोठी खाती लंडन कौंटी कौन्सिलकडे. बरोकडे रस्ते झाडणं, कचरा, सार्वजनिक न्हाणीघरं आणि कपडे धुण्याची घरं, बाळंतिणींची देखभाल, थोडीफार घरबांधणी आणि वाचनालयं. नगरसेवकाला पगार नाही. दिवसा आपला पोटाचा उद्योग, संध्याकाळी समितीच्या बैठका.

मेनन यांनी यातलं वाचनालय धरलं. शिक्षण आणि वाचनालय समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. सेंट पँक्रस या बाबतीत मुळात मागे होतं, त्यांची पहिली शाखा चेस्टर रोडवर १९०६ साली उघडली. याच काळात मेनन ‘पेलिकन’ पुस्तकमालेचे संपादक होते. १९३७ पासून निघालेली ही मालिका, अर्थशास्त्र, इतिहास, विज्ञान अशा विषयांवरची पुस्तकं सहा पेन्सला. म्हणजे एका हाताने गरिबाला परवडेल असं गंभीर पुस्तक छापायचं आणि दुसऱ्या हाताने ते फुकट वाचायला मिळेल अशी शाखा उघडायची, ही दोन्ही कामं एकच माणूस करत होता. १९४१ साली, बाँबहल्ल्यांच्या दिवसांत, सेंट पँक्रसने पुस्तकांची मोटार रस्त्यावर आणली. माणसं शाखेपर्यंत येऊ शकत नाहीत तर कपाटं त्यांच्या गल्लीत न्यायची. चित्रं बघा तिची: बंद मोटार, आत दोन्ही बाजूंना फळ्या आणि मधल्या चिंचोळ्या जागेत उभं राहून पुस्तक चाळणाऱ्या बायका.

१९५५ साली बरोने त्यांना आपलं सर्वोच्च मानपत्र दिलं. त्याआधी ते मिळालेला माणूस म्हणजे बर्नार्ड शॉ. मंत्री म्हणून काय केलं यावर वाद घाला, पण नगरसेवक कसा असावा याचा हा नमुना मानायला काय हरकत आहे?

तिसरा_फलाट

हरकत आहे.

मेनन यांचं मन कुठे होतं ते आधी पाहा. त्यांचं खरं कार्यालय लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरचं, भारताच्या स्वातंत्र्यासाठी प्रचार करणाऱ्या इंडिया लीग या संघटनेचं. सभा, पत्रकं, खासदारांच्या भेटी, नेहरूंचा पत्रव्यवहार हे सगळं तिथून चालायचं. नगरसेवकपद हे मजूर पक्षात पाय रोवायचं साधन होतं. १९३९ मध्ये त्यांना स्कॉटलंडमधल्या डंडीहून लोकसभेला, म्हणजे तिकडच्या पार्लमेंटला, उमेदवारी मिळाली होती. कम्युनिस्टांशी जवळीक असल्याच्या संशयावरून पक्षाने पुढे ती मोडीत काढली. ती टिकली असती तर सेंट पँक्रसची वाचनालयं त्यांनी मागे वळून पाहिली असती का, याची मला शंका आहे.

शिवाय तेरा वर्षं म्हणताना हेही सांगायला हवं की १९४० ची पालिका निवडणूक युद्धामुळे झालीच नाही. १९३७ नंतर थेट १९४५. म्हणजे आठ वर्षं कुणालाच मतदारांसमोर जावं लागलं नाही. त्या काळात केलेलं काम चांगलं असेल, पण मतदारांनी तेरा वर्षं सलग पसंती दिली असं त्यातून निघत नाही.

नगरसेवकाचं मोल मला तेव्हा वाटतं जेव्हा त्याला वॉर्डच पुरेसा वाटतो.

आरोग्यम्

वाचनालयाला विरोध नाही, पण त्याच वर्षी, शेजारच्याच बरोत निवडून आलेला दुसरा भारतीय नगरसेवक घ्या आणि मग नमुना कुणाला म्हणायचं ते सांगा. डॉ. चुनीलाल कटियाल. मूळचे पंजाबचे. १९३१ मध्ये गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती यांच्याच कॅनिंग टाउनच्या घरी. पुढे ते फिन्सबरीला दवाखाना चालवू लागले, १९३४ ला तिथे नगरसेवक झाले, आणि १९३८ ला महापौर. ब्रिटनमधले पहिले दक्षिण आशियाई महापौर.

फिन्सबरी म्हणजे दाटीवाटीची, ओलसर, क्षयाने पोखरलेली वस्ती. दवाखाने होते, पण विखुरलेले. क्षयाची तपासणी एकीकडे, मुलांचे दात दुसरीकडे, बाळंतिणींचं तिसरीकडे. डॉक्टर असल्यामुळे कटियाल यांना रोग्याची ही फरपट रोज दिसत होती. आरोग्य समितीचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सगळं एका छपराखाली आणायचा आग्रह धरला आणि लुबेटकिन यांच्या टेक्टन या वास्तुरचनाकारांच्या गटाकडे काम दिलं. ऑक्टोबर १९३८ मध्ये पाइन स्ट्रीटवर फिन्सबरी आरोग्य केंद्र उघडलं. क्षय, दात, पाय, स्त्रियांचे आजार, सगळ्यांची सोय तिथे. ज्या घरांत ढेकूण-उवा झालेत त्यांचं सामान निर्जंतुक करायची जागासुद्धा. पुढचा भाग काचेच्या विटांचा, म्हणजे गल्लीत ऊन न पाहिलेल्या माणसाला आत आल्याबरोबर उजेड. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा यायला अजून दहा वर्षं होती.

युद्धात चित्रकार एब्रम गेम्स यांनी सैनिकांसाठी काढलेल्या भित्तिपत्रकात हीच इमारत आहे. तिच्यामागे पडकं घर आणि मुडदूस झालेलं मूल. चर्चिलना ते चित्र इतकं खटकलं की ते मागे घ्यायला लावलं. एका बरोच्या दवाखान्याने पंतप्रधानांना अस्वस्थ केलं, नगरसेवकाच्या कामाची याहून मोठी पावती कुठली?

आणि यात आपला संबंध आहे. १९४८ मध्ये कटियाल भारतात परतले ते कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक म्हणून. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली तेव्हा तेच त्या पदावर होते. आपल्या गिरणी कामगारांच्या घरात ‘ईएसआय’चं कार्ड असायचं ना, त्याच योजनेचं.

क्षय झालेल्या माणसाला पुस्तक आधी की छातीची तपासणी आधी? माझ्यासाठी हा प्रश्न सुटलेला आहे.

नदीकाठ

@आरोग्यम्, कटियाल यांच्याबद्दल एक अक्षरही खोडायचं नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे की एकच खिसा आहे आणि त्यातून एकच गोष्ट निघते. बरोत तसं नव्हतं. आरोग्य समिती वेगळी, वाचनालय समिती वेगळी. मेनन यांनी कुणाचा दवाखाना अडवून शाखा उघडल्या नाहीत.

@तिसरा_फलाट, मन कुठे होतं हे मोजायला माझ्याकडे साधन नाही, तुमच्याकडेही नसावं. डंडी हातची गेल्यावर आणि मजूर पक्षापासून दुरावल्यावर त्यांना सेंट पँक्रसमध्ये काय मिळणार होतं? तरीही ते राहिले. हवाई हल्ल्यांत वॉर्डन म्हणून रात्री रस्त्यावर फिरले. बरोकडे वळणं ही पायरी असेल, पण पायरीवरून वर जायची वाट बंद झाल्यावरही माणूस तिथे थांबला असेल तर त्याचा अर्थ लावायला हवा.

कॅम्डेनवासी

इथे वीसेक वर्षं राहतोय म्हणून लिहितो. सेंट पँक्रस १९६५ मध्ये हॅम्पस्टेड आणि होबर्नसकट कॅम्डेनमध्ये विलीन झालं. किंग्ज क्रॉस, सेंट पँक्रस आणि यूस्टन ही तिन्ही स्टेशनं याच जुन्या बरोत. स्टेशनांच्या मधली गल्लीबोळांची वस्ती म्हणजे सॉमर्स टाउन, आणि मेनन यांच्या काळातला तिथला खरा प्रश्न घरांचा होता.

तो कुणी उचलला? बेझिल जेलिको नावाच्या तरुण पाद्र्याने. १९२४ मध्ये त्याने गृहसुधार संस्था काढली, मोडकळीला आलेल्या चाळी विकत घेऊन पाडायला आणि त्या जागी भाडं परवडेल अशा इमारती बांधायला सुरुवात केली. जुनी घरं पाडताना ढेकूण, पिसू, उंदीर यांच्या कागदी प्रतिमा करून त्यांची जाहीर होळी केली. लोकांच्या अंथरुणात रोज जे चावत होतं तेच जाळलं. हे सगळं बरोच्या सभागृहाबाहेर झालं. म्हणून माझा आक्षेप मेनन यांच्यावर नाही, त्या पालिकेवर आहे. घरांचं काम एका पाद्र्याला वर्गणी गोळा करून का करावं लागलं?

एक मात्र खरं. १९३७ मध्ये निवडून आलेली एक तरुण सदस्य त्या सभागृहात मेनन यांच्याबरोबर बसायची. ती पुढे बार्बरा कासल म्हणून मंत्री झाली. लहान सभागृहांतून मोठी माणसं घडतात, ती तिथे फक्त वाट बघत बसत नाहीत.

जुना_कारकून

पालिकेच्या कचेरीत आयुष्य गेलं म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. तुम्ही सगळे माणसांवर बोलताय. मला या गोष्टीत समिती दिसते.

लंडनच्या बरोत कारभारच समितीचा होता. अधिकारी समितीला उत्तरदायी. वाचनालय समितीने ठरवलं की अमुक रस्त्यावर शाखा हवी आणि सभागृहाने पैसे मंजूर केले, तर ग्रंथपालाने ती काढायची. मुंबईत तसं नाही. १८८८ च्या कायद्याने अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताला दिला, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, अडवते, प्रश्न विचारते, हे खरं. पण मेनन किंवा कटियाल यांच्यासारखं एखादं खातं हातात घेऊन ते वर्षानुवर्षं घडवायचं, ती जागा आपल्या नगरसेवकाला कायद्यानेच मिळालेली नाही. मग तो काय करतो? गटाराचं झाकण, नळाचा दाब, बसायचा बाक, निधीतून लावलेले पेव्हर ब्लॉक. लोक त्याला नावं ठेवतात. मी इतकी वर्षं जवळून पाहिलंय, बरेच जण मनापासून काम करणारे असतात, पण त्यांचा सगळा दिवस खालच्या इंजिनिअरच्या मागे फिरण्यात जातो.

आणि मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षं मुंबईत नगरसेवकच नव्हते, सगळं प्रशासकाकडे. शहर थांबलं नाही, म्हणून काहींना वाटलं की नगरसेवक नसले तरी चालतं. मला ती वर्षं फार टोचली. टेबलाशी आलेल्या बाईला कुणाकडे पाठवायचं हेच कळेनासं झालं होतं.

तिसरा_फलाट

@जुना_कारकून, हा प्रतिसाद आवडला, आणि यातूनच मला १९६७ आठवतं. काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं, ते ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर स. गो. बर्वे. बर्वे कोण? पुणे महापालिकेचे पहिले आयुक्त, पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी बसवणारे. म्हणजे माजी नगरसेवक विरुद्ध माजी आयुक्त. आयुक्त जिंकला. बर्वे लगेचच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं. मतदारांनी काम पाहूनच कौल दिला असं मला वाटतं.

कॅम्डेनवासी

तो कौल कामावर होता? नव्या शिवसेनेने ‘मद्रासी’ म्हणून मेनन यांच्याविरुद्ध प्रचार केला होता, हे वगळून १९६७ सांगता येत नाही. बर्वे कर्तबगार होते, निर्विवाद. पण ज्या माणसाला लंडनच्या गोऱ्या मतदारांनी १९३४ साली, साम्राज्य असताना, आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी केलं, त्याच्यावर मुंबईत परका असा शिक्का बसला. मराठी माणूस म्हणून मला ते आजही लागतं.

तिसरा_फलाट

तो प्रचार वाईट होता, मान्य. पण काँग्रेसची मतं, पक्षयंत्रणा आणि बर्वे यांचं नाव या तीन गोष्टी नसत्या तर नुसत्या त्या प्रचारावर निकाल लागला नसता. यावर आपलं जुळणार नाही.

नदीकाठ

मी वाचनालयाकडे परत येतो, कारण आपल्याकडची खरी अडचण तिथे आहे. इंग्लंडमध्ये वाचनालयाचा खर्च स्थानिक करातून. आपल्या देशात मद्रासने १९४८ मध्ये कायदा करून ग्रंथालय कर लावला, पुढे कर्नाटक, केरळातही तो आला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा, त्यात करच नाही. आपली गावोगावची वाचनालयं सरकारी अनुदानावर आणि तुटपुंज्या वर्गणीवर चालतात, आणि ग्रंथपालाचा पगार सांगायला संकोच वाटावा इतका. नगरसेवकाला वाचनालयात रस नाही कारण त्याच्या पालिकेला त्याचा जमाखर्चच दाखवावा लागत नाही.

जुना_कारकून

पूरक माहिती. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात कामांच्या दोन याद्या आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. दवाखाने आणि प्राथमिक शाळा बंधनकारक. सार्वजनिक वाचनालय ऐच्छिक.

आरोग्यम्

म्हणजे कायदा करणाऱ्यांनीही क्रम माझ्यासारखाच लावला. केईएम, नायर, सायन ही रुग्णालयं मुंबई पालिका चालवते ती त्या बंधनामुळेच. कटियाल यांचं काम मुंबईत आधीपासून कायद्यात लिहिलेलं होतं.

नदीकाठ

बरोबर, आणि म्हणूनच दवाखान्यासाठी मुंबईत कटियाल लागत नाही, कायदा पुरतो. ऐच्छिक यादीतली गोष्ट मात्र सभागृहात कुणीतरी उभं राहून, ठराव मांडून अर्थसंकल्पात घ्यावी लागते. नवीन सभागृह बसलं आहे. आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला मी लेखी विनंती देणार आहे की पालिकेच्या शाळांचे संध्याकाळी रिकामे पडणारे वर्ग अभ्यासिका आणि वाचनालयासाठी उघडावेत आणि त्याला स्वतंत्र तरतूद मागावी. मसुदा इथे टाकतो, @जुना_कारकून, कलमं तपासून द्याल का?

जुना_कारकून

टाका. पण पत्रात रखवालदाराच्या जादा पाळीचा आणि विजेचा खर्च आधीच लिहा. फाइल तिथेच अडते.